अनवाणी दौड : सराव, दुखापत आणि दिलेला शब्द

सामाजिक कार्याला निधी मिळवून देण्यासाठी लांब पल्ल्याची शर्यत धावणे ही कल्पना महाराष्ट्रातील शहरांना आता परकी राहिलेली नाही. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच पुणे, नाशिक, ठाणे, वसई अशा गावोगावच्या शर्यतींनी हिवाळ्यातील रविवार भरून गेले. या गर्दीत बूट न घालता धावण्याचा संकल्प सोडणारेही काही जण असतात. कुणाला आरोग्याचे कुतूहल असते, कुणाला आपल्या निधीच्या आवाहनाकडे लोकांचे लक्ष वेधायचे असते, तर कुणाच्या मनात त्यागाची जुनी भावना असते. सराव सुरळीत चालू असतो तोवर सारे ठीक. मध्येच पाय दुखावला, की मात्र प्रश्न बिकट होतो. देणगीदारांना शब्द दिलेला असतो, शर्यतीची तारीख ठरलेली असते आणि पायाचे हाड आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच भरून येत असते. या तिघांचा मेळ कसा घालायचा, हा अनवाणी धावणाऱ्यापुढचा खरा प्रश्न होय.

नवसाची सावली

अनवाणी चालणे मराठी मनाला नवे नाही. नवरात्रात नऊ दिवस पायांत काही न घालणारे, अंगारकीला घरापासून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी जाणारे भाविक मुंबईत आजही दिसतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर अनवाणी कापणारे वारकरीही आहेत. या साऱ्यामागे एक अलिखित नियम असतो : बोललेला नवस मोडायचा नसतो. निधीसाठी धावणाऱ्याच्या मनातही नकळत हीच भावना शिरते. अनवाणी धावेन असे जाहीर करून पैसे मागितले, मग दुखापत झाली म्हणून बूट घालणे किंवा शर्यतच सोडणे म्हणजे वचनभंग, असे त्याला वाटू लागते. वास्तविक देणगीदाराने पैसे दिलेले असतात ते रुग्णालयाला, शाळेला किंवा अनाथाश्रमाला. धावपटूच्या तळपायाला नव्हे. हा भेद सुरुवातीलाच ध्यानात घेतला तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. अनवाणी असणे ही प्रत्येकाची निवड नसते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये नाशिक, पालघर, ठाणे जिल्ह्यांतील हजारो आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालले. ६ मार्चला निघालेला हा मोर्चा १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचला, तेव्हा अनेकांच्या चपला वाटेतच तुटलेल्या होत्या आणि तळपायांची सालटी निघालेली छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. त्या दिवशी मुंबईकरांनी अन्नपाण्याबरोबर चपलाही वाटल्या होत्या. हौसेने बूट काढून ठेवणाऱ्या शहरी धावपटूने ही छायाचित्रे एकदा जरूर पाहावीत.

महाराष्ट्रातील तीन पावले

अनवाणी लांब पल्ल्याच्या धावण्याचे नाव काढले, की महाराष्ट्रात पहिल्यांदा आठवतात ते मिलिंद सोमण. १९६५ साली जन्मलेले सोमण हे मूळचे जलतरणपटू. २०१२ मध्ये त्यांनी दिल्ली ते मुंबई हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर ३० दिवसांत धावून पार केले. त्याच वर्षी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी या हेतूने ‘पिंकेथॉन’ ही केवळ महिलांसाठीची धाव सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. २०१५ साली वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी झुरिच येथील आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली. २०१६ च्या पावसाळ्यात अहमदाबाद ते मुंबई हे ५२७ किलोमीटरचे अंतर ते अनवाणी धावले. या दौडीत काही अंतर त्यांच्यासोबत त्यांच्या मातोश्री उषा सोमण याही धावल्या. सत्तरी ओलांडलेल्या, साडी नेसलेल्या आणि अनवाणी! ती चित्रफीत पुढे कित्येक वर्षे लोक एकमेकांना पाठवीत राहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातील तीन दिवसांच्या अल्ट्रामॅन स्पर्धेत अखेरच्या दिवशीचे ८४ किलोमीटरही सोमण यांनी बुटांशिवाय पूर्ण केले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सोमण यांच्या या दौडी म्हणजे एका हंगामाची तयारी नव्हती. लहानपणापासूनचे जलतरण, मग अनेक वर्षांचे धावणे आणि त्यानंतर अनवाणी मजल, असा तो क्रम आहे. वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून दुसऱ्या दिवशी बूट फेकून देणाऱ्याला हा क्रम दिसत नाही.

दुसरे नाव लता भगवान करे यांचे. २०१३ साली बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी साडीतील ही साठी ओलांडलेली बाई अनवाणी धावली आणि पहिली आली. आजारी पतीच्या तपासणीसाठी पैसा हवा होता आणि बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. ना प्रशिक्षक, ना आहाराचा तक्ता, ना बूट. त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. निधीसाठी धावण्याचे याहून थेट उदाहरण शोधून सापडायचे नाही. मात्र त्याला ‘अनवाणी धावण्याची चळवळ’ म्हणणे हा शुद्ध शहरी भाबडेपणा ठरेल.

तिसरे उदाहरण कविता राऊत यांचे. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी शाळकरी वयात अनवाणी धावत असे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. ही पदके तिने बूट घालून मिळवली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ अनवाणी निघाली होती हे खरे, पण संधी मिळताच तिने बूट स्वीकारले, हेही तितकेच खरे.

जगातील सर्वांत प्रसिद्ध अनवाणी धावपटूची गोष्टही काहीशी अशीच आहे. १० सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने बुटांशिवाय २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. मिळालेले बूट त्याला नीट बसेनात, आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होताच. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, तोही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या सहा आठवड्यांच्या सुमारास. तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. रोमची कथा सांगणारे पुष्कळ असतात, टोकियोची सांगणारे थोडे.

शास्त्र काय म्हणते?

अनवाणी धावण्याची सध्याची लाट २००९ च्या सुमारास उसळली. ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले आणि मेक्सिकोतील ताराहुमारा जमातीच्या धावपटूंची ख्याती जगभर पसरली. गंमत म्हणजे हे धावपटू अनवाणी नव्हेत. आपल्याकडच्या टायरच्या चपलांशी नाते सांगणाऱ्या पातळ वहाणा ते वापरतात. जानेवारी २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. बूट घालून धावणारा माणूस बहुधा टाच आधी टेकवतो. सवयीने अनवाणी धावणारा मात्र पुष्कळदा चवड्यावर किंवा पायाच्या मधल्या भागावर उतरतो आणि त्यामुळे जमिनीचा पहिला कडक धक्का जवळपास नाहीसा होतो, असे त्यांना आढळले.

या निष्कर्षातून लोकांनी नको तो अर्थ काढला. धक्का कमी म्हणजे दुखापत कमी, असे त्या निबंधाने सिद्ध केलेले नव्हते. तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, केनियातील दासनाच या अनवाणी वावरणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. सावकाश धावताना त्यांतील बहुतेक जण चक्क टाचेवरच उतरत होते. त्याच वर्षी अमेरिकेत ३६ अनुभवी हौशी धावपटूंवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळव्याच्या, बोटाबोटांच्या पादत्राणांकडे वळवण्यात आले. दहा आठवड्यांनंतर या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआय तपासणीत सूज वाढलेली दिसली. अशी पादत्राणे विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. त्यानंतर ही लाट बरीच ओसरली.

म्हणजे अनवाणी धावणे वाईट का? तसेही नाही. भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो, एवढेच. बूट घालून टाचेवर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर जो ताण पडतो, त्यातला काही अनवाणी धावणाऱ्याच्या पोटरीवर, अकिलीस टेंडन या टाचेमागच्या जाड शिरेवर आणि चवड्याच्या लांब हाडांवर येतो. जन्मभर बूट घातलेल्या पायात ही सारी मंडळी बेसावध असतात. पावलात २६ हाडे असतात. त्वचा काही आठवड्यांत निबर होते, स्नायू दोन-तीन महिन्यांत बळावतात, हाडांना मात्र त्याहून अधिक काळ लागतो. बहुतेक दुखापती होतात त्या याच अंतरात. तळवा आता टोचत नाही म्हणून धावपटू अंतर वाढवतो आणि आत हाड अजून तयार झालेले नसते.

निबर त्वचेविषयीचा एक गैरसमजही दूर करायला हवा. तळव्याला घट्टे पडले की संवेदना बोथट होते, असे मानले जाई. केनिया आणि अमेरिकेतील लोकांच्या तळव्यांची मोजणी करून २०१९ मध्ये ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र जाड घट्ट्यांमुळे जमिनीची जाणीव कमी होत नसल्याचे दिसून आले. जाड सोलचा बूट जे हिरावून घेतो ते घट्टा हिरावून घेत नाही.

झाईच्या वाळूवर

सरावाला जागा कुठे शोधायची, हा मुंबई-ठाण्याच्या धावपटूपुढचा पुढचा प्रश्न. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेला लागून झाई हे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच्या दक्षिणेला बोर्डी, मग चिकूच्या वाड्यांचे घोलवड आणि पुढे डहाणू. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल गाड्या जाऊ लागल्याने हा किनारा मुंबईकरांना जवळचा झाला. खंबातच्या आखाताकडे जाताना भरती-ओहोटीतील फरक वाढत जातो. त्यामुळे झाई-बोर्डीचा समुद्र ओहोटीला दूरवर हटतो आणि मागे ओली, घट्ट, जवळजवळ सपाट वाळू उरते. अनवाणी धावण्याची सुरुवात करण्यास अशी जमीन चांगली. मात्र ती दिवसातून ठरावीक वेळीच मिळते.

ही वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब शहरी धावपटूने शिकून घ्यावा असा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजे कळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पहाटे पाच-साडेपाचला समुद्र मागे हटलेला असतो आणि उधाणाचे दिवस असल्याने तो नेहमीहून अधिक दूर गेलेला असतो. अष्टमीच्या आसपास याच्या नेमके उलटे. सकाळी पाणी वर असते आणि धावायला उरते ती केवळ वरची भुसभुशीत, उतरती वाळू. मुंबईच्या मानाने उत्तरेकडे या वेळा थोड्या पुढेमागे होतात, म्हणून प्रत्यक्ष जाण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहिलेले बरे. महिन्यातील दोन पंधरवड्यांचे असे गणित मांडले, की सरावाच्या आणि विश्रांतीच्या दिवसांची आखणी जवळजवळ आपोआप होते.

कोरडी वाळू दिसते मऊ, पण नवख्याला तीच अधिक घातक. टाच खोल रुतते, पोटरी आणि अकिलीस टेंडन दर पावलाला जास्त ताणली जाते. उतरत्या किनाऱ्यावर एकाच दिशेने धावत राहिल्यास एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर दुखू लागते. म्हणून जितके अंतर जायचे तितकेच त्याच पट्ट्यातून परतावे. मच्छीमारांच्या वस्तीजवळ होड्या ओढण्याची, जाळी सुकवण्याची जागा असते. तेथे गळ, काटे, शिंपल्यांचे तुकडे, तुटक्या जाळ्यांचे नायलॉन पडलेले असते. शिवाय ती त्यांची कामाची जागा आहे, धावपट्टी नव्हे. तिथून चालत जावे.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शर्यत असते डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर. वाळू पावलाच्या चुका पोटात घालते, रस्ता घालत नाही. आदळत उतरणारे किंवा घासत जाणारे पाऊल वाळूत कळत नाही, गुळगुळीत कठीण जमिनीवर मात्र दोनशे मीटरांत तळवा सांगू लागतो. म्हणून सरावाचा काही भाग पहिल्यापासून थंड, स्वच्छ, कठीण जमिनीवर हवाच. पावले आखूड, मिनिटाला १७० ते १८० च्या घरात, आणि शरीराच्या खाली पडणारी असावीत. पुढे फेकलेली नसावीत. रस्त्याच्या कडेचा पांढरा रंगवलेला पट्टा डांबराहून गुळगुळीत आणि कमी तापणारा असतो, हे अनवाणी धावणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. भर उन्हात डांबराचे तापमान सहज पन्नास अंशांवर जाते, तेव्हा धावण्याचा हट्ट म्हणजे भाजून घेणे होय.

अंतराचा हिशेब कंजूषपणे करावा. आठवड्याला ४० किलोमीटर बुटांनिशी धावणाऱ्यानेही अनवाणी सुरुवात करताना पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस चारशे मीटर ते दीड किलोमीटर एवढ्यावरच थांबावे, बाकीचे अंतर नेहमीप्रमाणे बूट घालून पुरे करावे. वाढ आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक नको. या गतीने अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर अनवाणी धावण्याइतकी तयारी व्हायला वर्षभराचा काळ गृहीत धरलेला बरा. ऑगस्टमध्ये ठरवून जानेवारीत धावणे हा बेत कागदावरच शोभतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणे कटाक्षाने टाळावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तळव्याच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा तडाखा अनुभवला आहे. उघड्यावर शौचास बसण्याच्या ओल्या जागी आकडीकृमीच्या अळ्या पायाच्या त्वचेतून आत जातात. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. मधुमेही व्यक्तीने तर तळव्याच्या संवेदनेची तपासणी करून घेतल्याखेरीज या वाटेला जाऊच नये. काच घुसलेली कळली नाही, तर ती जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

दुखणे कुठले, त्यावर निर्णय

‘दुखत असूनही धावला’ हे वाक्य बातमीत चांगले वाटते. पण दुखणे सारे एका जातीचे नसते. पोटऱ्या जड होणे, तळवा हुळहुळणे हे सरावाचे नित्याचे फळ. दोन दिवसांत उतरते. फोड आल्यास तो शक्यतो न फोडता झाकून ठेवावा आणि भरेपर्यंत बूट घालावेत.

अकिलीस टेंडन दुखावल्याची खूण म्हणजे सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना जाणवणारा ताठरपणा. प्लांटर फॅसायटिस या टाचेखालच्या दुखण्यातही सकाळचे पहिले पाऊलच सर्वाधिक सलते. या दोन्हींत संपूर्ण विश्रांतीपेक्षा भार कमी करून, पोटरीचे व्यायाम सावकाश वाढवत नेणे अधिक उपयोगी ठरते. फिजिओथेरपिस्ट एक सोपी कसोटी सांगतात : दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर तेवढा भार सोसण्याजोगा आहे. दुसऱ्या सकाळी ते वाढले असेल, तर आदल्या दिवशीचे अंतर जास्त झाले.

हाडाला ही सवलत नाही. चवड्याच्या लांब हाडांना पुनःपुन्हा बसणाऱ्या ताणाने बारीक चीर जाते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या जवानांच्या पायांत हे दुखणे ओळखले, म्हणून त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असेही नाव पडले. बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच बिंदूवर कळ येणे, धावता धावता दुखणे वाढत जाणे, पावलाच्या वरच्या बाजूला सूज, रात्री झोपेतही ठणका ही त्याची लक्षणे. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. येथेच अनेकांची फसगत होते. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ असे ऐकून धावपटू पुन्हा सरावाला लागतो आणि चिरेचे पुरते मोडलेले हाड होते. संशय असेल तर एमआरआय करून घ्यावा किंवा निदान होईपर्यंत धावणे थांबवावे.

चवड्याची साधी चीर सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते. करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या बुडाशी किंवा पायाच्या कमानीतील नेव्हिक्युलर हाडात चीर असेल, तर प्रकरण लांबते आणि कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते. तारीख कितीही जवळ आली असली, तरी हाडाच्या चिरेवर धावायचे नाही. येथे जिद्द, संकल्प, देणगीदार यांपैकी कशालाच मत नाही.

थांबणे म्हणजे सारे संपणे नव्हे. डॉक्टरांची हरकत नसेल तर पोहणे, कमरेला तरंगपट्टा बांधून खोल पाण्यात धावणे, सायकल यांनी हृदय-फुप्फुसांची तयारी सहा आठवडे बऱ्यापैकी टिकते. परतताना क्रम उलटा : आधी अर्धा तास न दुखता चालता आले पाहिजे, मग बूट घालून चालणे-धावणे आलटून पालटून, आणि अनवाणी धावणे सर्वांत शेवटी, पुन्हा पहिल्या चारशे मीटरांपासून. शर्यतीला दोन महिने उरले असताना हाड दुखावले, तर त्या शर्यतीपुरता अनवाणी धावण्याचा बेत रद्द समजावा. बूट घालून किंवा चालत ती पुरी करता येईल का, हा वेगळा प्रश्न. त्याचे उत्तर तपासणी देईल.

पैसा आणि शब्द

अंतर पुरे झाले नाही तर निधीचे काय, ही धास्ती प्रत्येकाला असते. ती बहुतांशी निराधार आहे. मुंबई मॅरेथॉनच्या निधीसंकलनाची व्यवस्था अनेक वर्षे युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहत आली आहे. धावपटू नोंदणीकृत संस्थांपैकी एकीची निवड करतो, त्याच्या परिचितांनी दिलेली रक्कम त्या संस्थेच्या कार्याकडे जाते. धावपटूने अंतिम रेषा ओलांडली की नाही, यावर ती रक्कम अवलंबून नसते. प्रत्येक किलोमीटरमागे अमुक रुपये, अशी पैज लावून पैसे गोळा करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत आढळते. आपल्याकडे एकरकमी देणगीच अधिक चालते. संस्थेला ८०-जी ची मान्यता असल्यास जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरणाऱ्या देणगीदाराला सवलत मिळते, आणि तीही धावण्याशी निगडित नाही.

या बाबतीत कॅनडाच्या टेरी फॉक्सचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. कर्करोगाने उजवा पाय गमावलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. वाटेत त्याने दुखण्यांकडे दुर्लक्ष केले, हे खरे. परंतु १ सप्टेंबरला रोग फुप्फुसांपर्यंत पसरल्याने त्याला थंडर बे शहराजवळ थांबावे लागले. समुद्र गाठायचे राहिले. त्यानंतर आठवड्याभरातच दूरचित्रवाणीवर झालेल्या एका कार्यक्रमात कर्करोग संशोधनासाठी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. पुढील फेब्रुवारीपर्यंत एकूण निधी दोन कोटी ४० लाख डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या कॅनडातील दर माणशी एक डॉलर. यातला मोठा हिस्सा तो थांबल्यानंतर आलेला आहे. जून १९८१ मध्ये तो वारला. त्याच्या नावाची धाव दरवर्षी अनेक देशांत होते, मुंबईतही झालेली आहे, आणि तीत कुणाचाही पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत.

व्यवहाराच्या दृष्टीने दोन गोष्टी सांभाळल्या म्हणजे अडचण येत नाही. पहिली, आवाहन करतानाच मजकुरात कार्याला पुढे आणि अनवाणीपणाला मागे ठेवावे. ‘अनवाणी धावेन, म्हणून पैसे द्या’ असे लिहिणारा स्वतःच्याच शब्दात अडकतो. ‘अमुक रुग्णालयासाठी निधी हवा आहे, त्यानिमित्त धावणार आहे’ असे लिहिणारा मोकळा राहतो. दुसरी, दुखापत झाल्यास ती लपवू नये. देणगीदारांना आणि संस्थेला शर्यतीपूर्वीच चार ओळींत कळवावे : काय झाले, डॉक्टर काय म्हणतात, शर्यत बुटांनिशी होईल, चालत होईल की होणार नाही, आणि जमलेली रक्कम कुठे पोहोचली.

आणि एक. धावता येत नाही म्हणून आपला क्रमांक मित्राला देऊन त्याला धावायला लावणे, हा ‘शब्द पाळण्याचा’ मार्ग काही जण पत्करतात. मोठ्या शर्यतींच्या नियमांत त्याला मनाई असते, आणि कारण केवळ शिस्तीचे नाही. धावपटू वाटेत कोसळला तर वैद्यकीय पथक क्रमांकावरून नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी शोधते. क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर रक्तगटही दुसऱ्याचाच निघतो.